काळ्या कोंबड्यांचा मुद्देमाल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ‘साहेब, एखादी केस सांगा’ असं कोणी म्हटलं की मला आधी बेसा या वस्तीतल्या त्या दोन काळ्या कोंबड्याच आठवतात. हसायचं असेल तर हसून घ्या. त्यांच्यापायी एका माणसाची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली होती.

तक्रारदार सेवानिवृत्त इंजिनिअर. बंगल्यामागे जाळीचं खुराडं बांधून त्यांनी हौसेने कडकनाथ पाळल्या होत्या. पीस, चोच, पाय, सगळं काळं. वेळेवर लस, उन्हाळ्यात जाळीवर ओली पोती, असा सगळा थाट. अख्ख्या बेसात ही जात फक्त आपल्याकडे, याचा त्यांना भारी तोरा. कोणाला खायलासुद्धा अंडं देत नसत. न जाणो, कोणी उबवायला ठेवलं तर!

अशात त्यांच्या दोन कोंबड्या नाहीशा झाल्या. दूधवाल्याने त्यांना खबर दिली, शेजारी बांधकाम चालू आहे तिथल्या चौकीदाराच्या झोपडीमागे दोन काळ्या कोंबड्या फिरताहेत. इंजिनिअरसाहेब तडक ठाण्यात हजर.

मी अर्ज चौकशीवर ठेवला. हवालदार ओळख पटवायला कोंबड्या घेऊन आला आणि चौकीदार नवरा-बायकोलाही आणलं. ठेकेदाराने फोनवर सांगून टाकलं, “गुन्हा दाखल झाला तर आजच झोपडी खाली करायला लावतो.” इकडे मुद्देमालाच्या खोलीसमोर बांधलेल्या कोंबड्यांपैकी एकीने तिथंच अंडं घातलं. ते मुद्देमालात धरायचं की नाही, यावर माझे दोन अंमलदार वाद घालत बसले. दोघांनाही झापलं.

चौकीदार एकच गोष्ट धरून बसला होता. “चोरल्या नाही, साहेब. घरच्या कोंबडीखाली निघाल्या ह्या.”

“अंडी कोठून आणली?”

“मले नाही माहीत. बायकोनं ठेवली होती.”

हे अगदीच अशक्य नव्हतं. कडकनाथ अंड्यांवर नीट बसत नाही, तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखालीच ठेवतात. मी त्याच्या बायकोला विचारलं, “सांग, अंडी कोणी दिली?”

“ते नाही सांगू शकत.”

“नवरा इथं बसून राहिला अन् तू काहून चूप आहेस?”

तिने पदर तोंडाशी धरला. “शब्द देला आहे मी, साहेब.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बाई काही केल्या हलेना. मला राग आला, खरं सांगतो. आणि मनातून तिचं कौतुकही वाटलं.

मग मी इंजिनिअरसाहेबांना विचारलं, “घरी कोंबड्यांना दाणे कोण टाकतं?”

“मिसेस.”

“मग ओळख त्याच पटवतील. बोलवा.”

त्या आल्या, काळ्या कोंबडीपुढे खाली बसल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई, हिची देवी गेली की पूर्ण!” कोंबड्यांच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड येतात, त्या रोगाला देवी म्हणतात.

साहेब उखडले. “देवी? आपल्या एकाही कोंबडीला देवी झालेली नाही. मी स्वतः उभं राहून लस टोचून घेतली आहे.”

मी बाईंना शांतपणे विचारलं, “मग ही देवी तुम्ही कुठं पाहिली, ताई?”

तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या चौकीदाराकडे गेलं. त्याला ठाण्यात आणलंय, हे नवऱ्याने सांगितलंच नव्हतं. बाई रडायलाच लागल्या. त्यांचं माहेर उमरेडकडचं, विणकराचं. अंगणात पिल्लं फिरवणारी कोंबडी कायम असायची. बंगल्यावर मात्र पिल्लं बाहेरून खोक्यात भरून येत. तसं पुन्हा पाहायला मिळावं म्हणून नवऱ्याच्या नकळत त्यांनीच अंडी चौकीदाराच्या बायकोकडे नेऊन दिली. आपल्याकडचा जुना रिवाज: अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्लं अर्धी अर्धी.

“माह्या वाटणीची एक तिच्याकडंच वाढून राहिली, साहेब. मीच म्हटलं होतं तिले, कोणाले सांगू नको वं!”

अर्ज निकाली निघाला. हरवलेल्या दोन कोंबड्यांची पिसं नंतर बंगल्यामागच्या नालीत सापडली. ते मुंगसाचं काम होतं. पण चौकीदार दुखावला तो दुखावलाच. दोन्ही काळ्या कोंबड्या त्याने बंगल्याच्या फाटकात सोडल्या आणि म्हणाला, “ठेवा तुमच्याकडंच. मले नको आता.”

संध्याकाळी जबाबावर सही घ्यायला मी बंगल्यावर गेलो होतो. ऊन उतरलं तशा त्या दोघी फाटकाखालून निघाल्या आणि सरळ झोपडीकडे चालू लागल्या. कोंबडी जिथं वाढते तिथंच बसायला जाते. इंजिनिअरसाहेब त्यांच्यामागून गेले. आता हा माणूस ओरडणार, असं मला वाटलं.

झोपडीच्या दारात चौकीदाराची बायको उठून उभी राहिली. “ह्यातली एक बाईंची आहे,” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, “इथंच राहू द्या. दाणे घेऊन मिसेसलाच पाठवत जाईन.” आणि चौकीदारापुढे त्यांनी हात जोडले.

चोरीच्या तपासात आम्ही पोलीस ‘कोणी नेलं’ इथून सुरुवात करतो. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत माझा पहिला प्रश्न वेगळा असायचा: कोणी दिलं तर नाही?