दादा, खीर आणि पेप्टाइडची कुपी

बुधवार, पितृपक्ष. मंडळी, फार दिवस इथे फिरकले नाही, माफ करा.

आज कॉलेजातून थेट दुर्गाघाटावर दादाकडे गेले. तो श्राद्धाला ब्राह्मण म्हणून जेवायला जातो. मधुमेहामुळे पायाची जखम भरत नाही, तरी त्याने इन्शुलिन बंद केलंय. ऑनलाइन मागवलेली कुपी पुढे करून म्हणाला, "मायटोकॉन्ड्रियाचं पेप्टाइड आहे. तू बायोलॉजी शिकवतेस, टोच."

मी सांगितलं, हा आपल्याच पेशींत तयार होणारा प्रथिनाचा छोटा तुकडा. त्याने उंदरांची साखर सुधारलेली दिसली, माणसांचं अजून नक्की नाही. शिवाय या कुपीत नेमकं काय आहे, कोण जाणे.

"उंदराला चाललं ना? गणपतीचं वाहन ते. मलाही चलेगा."

"दादा, निदान खीर सोड."

"अगं, मी खीर बाजूला सारली की यजमानाला वाटतं, त्याचा बाप उपाशी उठला. मग मला कोण बोलावणार?"

मी कुपी पर्समध्ये घालून घेऊन आले. तो दुसरी मागवेल, हे दोघांनाही ठाऊक आहे. तुम्ही काय केलं असतं?

उद्या: दादा जेवायला निघण्याआधी इन्शुलिन घेऊन पोचणे.