उद्या पाणी येणार नाही

भोंगेकाकूंचा चढा आवाज गल्लीत कुणी कधी ऐकला नव्हता. भोंगा नवऱ्याचा, नाव मात्र दोघांना चिकटलं. नगरपालिकेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून, हातात माईक धरून काकांनी सारा जन्म गावाला बजावलं: उद्या पाणी येणार नाही, कचरा रस्त्यावर टाकू नका, गोंगाट कराल तर दंड होईल. घरी आले की इतके हळू बोलायचे, की काकू म्हणायच्या, "अहो, आवाज काय ऑफिसात जमा करून येता?"

म्हातारपणी डोक्यातलं एकेक पुसलं गेलं. मुलीचं नाव गेलं, जेवलो की नाही ते गेलं. उरली एक घोषणा. पहाटे काका खिडकी उघडायचे आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचे, "नागरिकांनो! उद्या पाणी येणार नाही! आजच भरून ठेवा!"

पहिल्या दिवशी दोन-चार घरांनी खरंच भांडी भरली. मग लोक हसले, मग चिडले. समोरची नर्स रात्रपाळी करून पहाटे कुठे अंग टाकायची. तिचा तरी काय दोष? बरेच दिवस तिने कळ काढली आणि शेवटी तक्रार केली.

पालिकेचा निरीक्षक नोटीस घेऊन आला. एकेकाळी काकांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो. "सार्वजनिक उपद्रव म्हणतात याला, काकू. थांबला नाही तर काकांना इथून हलवायचा अधिकार आहे पालिकेला. त्यांनीच गावभर सांगितलेला नियम आहे हा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ!

त्यांनी खिडकी खिळे ठोकून बंद केली, तर काका दारात जाऊन ओरडले. एकदा तोंडावर हात दाबला, तर ते असे घाबरले की काकूंनाच स्वतःची लाज वाटली. शेवटी एक गोष्ट ध्यानात आली. बादल्या भरल्याचा आवाज ऐकला की काका शांत व्हायचे. "ऐकलं हं लोकांनी," असं पुटपुटून झोपायचे. पण घरातल्या नळावर भागेना. "आपल्याच घरी? बाकीच्यांचं काय?"

काकू दारोदार फिरल्या. "पहाटे एक बादली नळाखाली धरा. पाया पडते."

"काकू, एकाला आवरता येत नाही, म्हणून सगळ्या गल्लीला वेडं करणार का?" कुणीतरी म्हणालं, आणि खोटं नव्हतं ते.

मग घरातली होती नव्हती ती भांडी घेऊन काकूच गल्लीतल्या नळावर जाऊन बसल्या. भरायच्या, ओतायच्या, मुद्दाम आपटायच्या. पुढची तक्रार त्यांच्या नावाची आली. निरीक्षकाने हात टेकले. काकांना गावाबाहेरच्या पालिकेच्या आश्रमात न्यायचा हुकूम निघाला.

सकाळी गाडी आली. दोन माणसांनी काकांचे दंड धरले, तशी त्यांनी दाराची चौकट घट्ट पकडली. "अगं, कोण आहेत हे? सांग ना यांना!" माणसं एकेक बोट सोडवू लागली. काका लहान मुलासारखे रडायला लागले. गल्ली आपापल्या दारात उभी राहून बघत होती.

काकूंना ते बघवेना. त्या आत गेल्या, पालिकेचा जुना शर्ट घेऊन आल्या आणि काकांच्या अंगात चढवू लागल्या.

"अहो, उशीर होतोय. ड्यूटीची गाडी आलीय."

चौकटीवरचा हात सुटला. काकांनी डोळे पुसले, स्वतःच बटणं लावली. "आज काय सांगायचंय?"

"उद्या पाणी येणार नाही."

काका ताठ चालत गेले आणि पुढच्या सीटवर बसले. माईक चाचपू लागले. ड्रायव्हरने मुकाट्याने आपली टॉर्च त्यांच्या हातात दिली. गाडी निघाली. "नागरिकांनो!" आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग नाही. त्यांनी वळून एकदाही पाहिलं नाही. कामावर निघालेला माणूस कशाला पाहील?

काकू आत आल्या. इतके दिवस ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, त्यांना शेवटी आपणच फसवून गाडीत बसवलं. त्यांनी एकूण एक भांडं काठोकाठ भरलं. भरायला काही उरलं नाही, तेव्हा हुंदका वर आला. काकूंनी पटकन उशी तोंडावर दाबली. समोर नर्सचा नुकता कुठे डोळा लागला असेल.