वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : दोन मिनिटांचं विमान आणि एक रुमाल

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं मला कधीच पटलं नाही. धाड-जालना गाडीत असा रुमाल दिसला की मी तो उचलते, मालकाच्या हातात देते आणि बसते. हे आधीच सांगते, कारण या प्रवासात सगळं एका रुमालावर येऊन ठेपलं.

निघायचं ठरलं ते डोणगावच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या फोनवर. त्यांची लेक वैशाली स्कॉटलंडच्या उत्तरेला पापा वेस्ट्रे नावाच्या बेटावर नर्स आहे. तिला बाळ झालं, पण व्हिसा रखडला आणि आईचं बाळंतपणाला जाणं राहिलं.

"शालू, तुले इंग्रजी येते. मले घेऊन चाल."

"बाई, कुठं जायचं ते तरी ठाऊक आहे का?"

"पापा का काय ते. कोनाचे पापा, देव जाने!"

जालन्याहून रेल्वेने मुंबई, मग लंडन, पुढे आणखी एक विमान आणि शेवटी बोटीने वेस्ट्रे बेट. जाणार असाल तर ऐका: उन्हाळा असला तरी वारा हाडात शिरतो, साडीवर जाड कोट हवाच. सामान कमी न्या. बेटांवरच्या छोट्या विमानात ते वजन करूनच घेतात.

वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अंतर पावणेतीन किलोमीटर. धाडच्या स्टँडपासून आमचं शेत साधारण तेवढंच. विमानाला लागतात दोन मिनिटं. पण त्या दिवशी समुद्र खवळल्याने होडी बंद होती आणि विमानात एकच जागा उरली होती. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, तेही वारा पडला तर.

"बाई, तुम्ही पुढे व्हा."

"एकली? त्या इमानवाल्यानं काही इचारलं तं?"

"दोन मिनिटांत काय विचारणार तो!"

बाई डिंकाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून निघाल्या. विमानाच्या दाराशी थबकल्या. पायलटशेजारची, प्रवाशांच्या जागांत न मोजलेली खुर्ची रिकामी दिसताच त्यांनी कमरेचा रुमाल काढून तिच्यावर फेकला.

"शालू, जागा धरली! ये लवकर!"

पायलट रुमाल हातात घेऊन उभा. मी धावले आणि आमच्याकडची पद्धत त्याला समजावली. तो मोठ्याने हसला. म्हणाला, "मग जागा तुमचीच. वजन किती?"

मी अर्थ सांगताच बाई ओरडल्या, "खरं सांगजो, इमान पडंल!"

वजन सांगितलं. एक बॅग मागे ठेवावी लागणार होती. लाडू हलणार नव्हते, तेव्हा राहिली ती माझी.

हिरवं कुरण, निळं पाणी, पुन्हा कुरण. बाईंनी डोळे गच्च मिटले होते.

"सुरू नाही झालं का अजून?"

"उतरलो आपण."

कुंपणाशी वैशाली बाळाला घेऊन उभी होती. बाईंनी बाळावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

"एवढुसं तं अंतर हाय माय," त्या लेकीला म्हणाल्या, "अन् मले तीन महिने लागले."

बॅग दुसऱ्या दिवशी आली. पायलटने ती स्वतः उतरवून दिली. बाई तिथेच राहिल्या, मी आठवड्याने परतले. त्या पायलटचं नावही विचारायचं राहून गेलं. त्याचे आभार इथेच मानते.

जालन्याला धाडची गाडी लागली. एकच सीट रिकामी होती. तिच्यावर रुमाल होता.

भोकरदनपर्यंत मी उभी राहिले.