सोमवारचे पेले

नोएमी तिबादुइसाला सांडपाण्याचा वास येईनासा होऊन एकोणीस वर्षं झाली होती. साऱ्या शहराने नाक मुरडून सोडून दिलेलं पाणी तिच्या देखत जायचं आणि पलीकडे नदीत पडेपर्यंत बऱ्यापैकी शहाणं झालेलं असायचं. तिचं काम सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात, हवेच्या टाक्यांवर. टाकीच्या तळातून हवा सोडलेली, त्यामुळे पाणी सतत खदखदणारं, आणि वर येणारा तपकिरी फेस नोएमीने पाण्याच्या फवाऱ्याने मोडायचा. त्या बुडबुड्यांत पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही, सरळ तळ गाठतो, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवत.

दर सोमवारी ती चौथ्या टाकीच्या कठड्यावर स्वच्छ पाण्याचा पेला ठेवायची. सोमवार मेलेल्यांचा, आणि मेलेल्यांना तहान फार. नदीतून वाहत येणाऱ्या बेवारस प्रेतांच्या नावाने हा पेला असे. मंगळवारी बघावं तर पेला गायब.

"मुकादम, पेले नेता ते नेता, निदान धुऊन परत तरी द्या," ती विल्चेसला सुनवायची.

"दोन्या नोएमी," बाईंना मानाने हाक मारत तो म्हणायचा, "माझ्या घरी कॉफी प्यायला एक धड कप नाही. तुमचे पेले नेले असते तर चार पाहुण्यांत मिरवलो नसतो का?"

नवऱ्यासाठी मात्र तिने एकदाही पेला भरला नव्हता. अर्सेनिओ, तोही इथलाच कामगार. अकरा वर्षांपूर्वी पाळी संपायच्या आत नाहीसा झाला. फाटकाबाहेर किल्लीसकट लावलेली त्याची मोटरसायकल गेली, आणि त्याच आठवड्यात फाटकाशी एम्पानादा, म्हणजे तिखट सारणाच्या करंज्या, विकणारी योलिमाही गेली. वस्तीला आणखी काय हवं होतं? सरहद्दीवरच्या कुकुता शहरात पळाला म्हणे तिच्याबरोबर. नोएमीने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पण जिवंत माणसाच्या नावाने पेला ठेवणं म्हणजे त्याचं मरण मागणं, आणि इतकी ती दुष्ट नव्हती. खरं तर तो परत यावा असं तिला वाटायचं. हे ती कुणाला सांगत नसे.

त्या सोमवारी चौथी टाकी बारा वर्षांत पहिल्यांदा रिकामी करायला घेतली. तळाच्या हवेच्या नळ्या बुजल्या होत्या. हवा बंद झाली तशी इतकी शांतता पसरली की नोएमीला आपलेच कान बिघडल्यासारखं वाटलं. पाणी उतरत गेलं, शेवाळलेल्या भिंती उघड्या पडल्या. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास तळ दिसला.

विल्चेस कठड्यावरून वाकला तो वाकलेलाच राहिला.

"हे कोणी मांडलं?" तो हळू आवाजात म्हणाला.

कोपऱ्यात पेले उभे होते. पाचशेच्या वर असतील. सगळे सरळ, तोंड वर, ओळीने लावलेले. आजूबाजूला गुडघाभर गाळ, आणि पेल्यांत त्याचा ठिपकाही नाही. शेजारी रबरी बुटांची जोडी, घरात शिरताना दारात काढून ठेवावी तशी. डाव्या बुटाच्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. ते नोएमीनेच लावलं होतं.

"दोन्या, बघू नका."

"अकरा वर्षं शिव्या दिल्या त्याला, मुकादम. आणि तो इथे, माझ्या पायाखाली."

तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. मग डोळे पुसून ती नळाकडे गेली. आजचा पेला अजून भरायचा होता. तो काठोकाठ भरून तिने कठड्यावर ठेवला.

"इतकी वर्षं परक्यांच्या नावाचं प्यायलास ना, अर्सेनिओ. घे. हा तुझ्या नावाचा."

भर उन्हात, दोघांच्या डोळ्यांदेखत, पेल्यातलं पाणी घोटाघोटाने खाली गेलं. विल्चेसने छातीवर क्रुसाची खूण केली.

मंगळवारी नोएमी कामावर आली तेव्हा रिकामा पेला कठड्यावरच होता.