बावीस व्हॉल्व्ह आणि सोड्याचं पाणी

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत चार माणसं होती, आणि दिवाणाखाली, कपाटावर, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर मिळून रेडिओचे असंख्य अवयव. पहिल्याच आठवड्यात पोहे शोधताना मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उघडला. आत सुती चिंध्यांत गुंडाळलेल्या, अंगठ्याएवढ्या काचेच्या नळ्या होत्या. प्रत्येकीच्या बुडाला नऊ सुया. मला वाटलं, इंजेक्शनच्या बाटल्या असतील. मागून सासूबाई म्हणाल्या, “ठेव गो तो डबो थंयच. ती तेंची माणकां आसत.”

“ते” म्हणजे माझे सासरे, आणि माणकं म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचे, अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह.

सासऱ्यांनी तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढली होती, जिथे शेकडो माग एकदम खडखडतात आणि शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. पाळी सुटल्यावर रात्रीच्या वर्गाला जाऊन ते रेडिओ दुरुस्ती शिकले होते. मग संप झाला आणि गिरणीचं फाटक पुन्हा काही उघडलं नाही. त्यांच्या जोडीदारांपैकी कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावची वाट धरली. सासऱ्यांना मात्र लोक शोधत यायचे. “गिरणी गेली, पण कान माझ्याकडेच राहिला,” असं ते हसून म्हणत. त्या एका वाक्यावर ते ताठ उभे होते, हे नवीन असूनही मला कळत होतं.

तोवर आमच्या चाळीत घरोघरी टू-इन-वन आला होता. व्हॉल्व्ह म्हणजे म्हाताऱ्यांचं खूळ, असं माझा नवराही म्हणायचा. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, कुठून कुठून काही वेडे रविवारी आमच्याकडे येत. कुणी चोर बाजारातून जुना अ‍ॅम्प्लिफायर उचललेला असे, कुणी स्वतः जोडलेला. सगळ्यांना एकच विचारायचं असे, यात कुठला व्हॉल्व्ह घालू? कारण नंबर तोच असला तरी प्रत्येक व्हॉल्व्हचा आवाज निराळा. एकात बाईचा गळा उघडतो, दुसऱ्यात तीच बाई नाकातून गाते.

त्यांचे सल्ले ऐकायला मी मुद्दाम तांदूळ निवडत बाहेरच्या खोलीत बसायची. “अ‍ॅम्प्लिफायर घेताना आधी उचलून बघा,” ते सांगत. “हलका लागला तर खाली ठेवा आणि घरी जा. आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबं नाही, तर गाण्यात दम कुठून येणार?” दुकानदार दिवे, बटणं दाखवायला लागला की त्याला पाठीमागची बाजू दाखवायला सांगायचं. चालू केल्यावर लगेच गाणं लावायचं नाही, पाच मिनिटं तापू द्यायचं. मग ते स्वतः डोळे मिटून, स्पीकरच्या खोक्यावर बोटं टेकवून बसत आणि एकेक व्हॉल्व्ह बदलून झाला की मान हलवत. मला लहानपणापासून वडील नव्हते. त्या माणसावर माझा जीवच जडला, यात लपवायचं काय?

त्या डब्यात एकाच नंबरचे बावीस व्हॉल्व्ह होते. बाहेरून सगळे जुळी भावंडं. पण प्रत्येकाच्या काचेवर त्यांनी फार वर्षांपूर्वी मेणाच्या पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. एक ठिपका म्हणजे नुसता बातम्यांपुरता, दोन म्हणजे बरा, तीन म्हणजे गाण्याचा. काहींवर बारीक अक्षरात “सतार”, “बाई”, “तबला” असंही लिहिलेलं.

माझ्या पहिल्या नवरात्रात, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “उद्या हत्यारांची पूजा. सगळी हत्यारं घासूनपुसून ठेव हां, पोरी.” गिरणीत त्या दिवशी मागांना झेंडूच्या माळा घालत, ते त्यांनी घरी चालू ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फुलं आणायला गेले, सासूबाई देवीची ओटी भरायला दिवसभरासाठी भावाकडे गेल्या, नवरा भांडुपच्या कारखान्यात पाळीला. मी पक्कड घासली, कैची घासली, डाग द्यायची सळई पुसली. मग मला वाटलं, खरी हत्यारं तर डब्यात आहेत. काळवंडलेली, मेणाचे डाग पडलेली. मी कोमट पाण्यात सोडा घातला आणि बावीसच्या बावीस व्हॉल्व्ह असे लखलखीत केले, की सांगता सोय नाही. वर सुपात घालून गॅलरीत उन्हात वाळवले. पाटावर रांगेने मांडून प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणाला हात लावायचा नाही अशी ताकीद होती म्हणून आत बसवलेली डाव्या-उजव्या आवाजाची जोडी तेवढी वाचली.

सासरे झेंडू घेऊन आले. पाटाकडे बघून आधी हसले. मग खाली बसले, एक व्हॉल्व्ह उचलला, उजेडात धरला, फिरवला. दुसरा उचलला. ठिपके गेले होते, अक्षरं गेली होती, कंपनीचा छापील नंबरसुद्धा गेला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “उद्या दसऱ्याला अंधेरीचे बँकवाले येणार. त्यांचा नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. माझ्याकडची जोडी घालून मुहूर्त करायचा म्हणतायत.” आणि तो व्हॉल्व्ह हातात धरून बसून राहिले.

माझा स्वभाव असा, की चूक झाली की मला आधी राग येतो, रडू मागाहून. उचलली जीभ लावली टाळ्याला. “त्यात काय एवढं बाबा? तुम्ही कानाने ओळखता ना? मग परत ऐका, परत ठिपके द्या!”

त्यांनी हातातला व्हॉल्व्ह पाटावर ठेवला. मग माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाले, “मला येत नाही गो ऐकू.”

मला वाटलं, माझं बोलणं ऐकू आलं नाही. मी मोठ्याने पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. “तुझं कळतं. समोर माणूस असला की ओठांवरून कळतं. पण बारीक आवाज गेले. आधी झांजा गेल्या. मग भजनात टाळ नुसते हलताना दिसायला लागले. माग खाऊन गेले कान.” ते ठिपके कान शाबूत असतानाचे होते. सात-आठ वर्षं ते ठिपके वाचूनच सल्ला देत होते. खोक्यावर बोटं ठेवत ती आवाजाची थरथर समजावी म्हणून, ऐट म्हणून नव्हे. “कुणाला सांगू नको,” ते म्हणाले. “हिलासुद्धा नाही.” ही म्हणजे सासूबाई.

आता मात्र मला रडू आलं. मी त्यांच्या हत्यारांची पूजा करताना त्यांचे उरलेसुरले कान धुऊन टाकले होते. पण रडून दसरा थोडाच पुढे जाणार होता! डोळे पुसून मी म्हटलं, “तुम्ही सांगा कसं ऐकायचं ते. मी ऐकते.”

त्या दुपारी मी जे शिकले तेवढं शाळेच्या अकरा वर्षांत शिकले नसेन. त्यांनी एका बाईंची तबकडी लावली. अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या बाजूला जुना, ओळखीचा व्हॉल्व्ह तसाच ठेवला आणि उजव्या बाजूला बावीसांतला एकेक घालायचा ठरवला. “डावीकडची बाई माहीतगार आहे. उजवीकडची तिच्यासारखी गाते का, एवढंच सांग.” प्रत्येक वेळी बटण बंद करायचं, फडक्याने धरून व्हॉल्व्ह सरळ वर काढायचा, सुया न वाकवता दुसरा बसवायचा, पुन्हा तापू द्यायचं. घाई करू लागले की हातावर हलकी चापट बसायची.

पहिल्या दोन-तीन वेळा मला काही फरकच कळेना. “सगळं ऐकू नको,” ते म्हणाले. “फक्त तिचा श्वास ऐक. ओळ संपवून ती श्वास घेते, तो दोन्हीकडून येतो का?” मी श्वासाच्या मागे लागले आणि अचानक ती बाई आमच्या खोलीत येऊन बसली. डावीकडून श्वास येत होता, उजवीकडून नव्हता.

मग मला माझे शब्द सापडत गेले. “बाबा, याच्यात मागे मोहरी तडतडतेय.” ते लगेच म्हणाले, “एक ठिपका. तो घाटकोपरच्या भंगारवाल्याकडचा.” “यात टिचकी मारली की बारीक घंटा वाजते.” “तो बाजूला ठेव, तो आतून सैल झालाय.” “यात तबला जवळ आला, पण बाई मागे गेली.” ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “तबला लिहिलं होतं त्याच्यावर!” स्वतःला न ऐकू येणारा एकेक आवाज त्यांच्या डोक्यात जागच्या जागी ठेवलेला होता. मी बोट दाखवायची आणि ते नाव सांगायचे. असा माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही. मोठे मोठे जाणकार नंतर भेटले, त्यांना कान होते, पण दुसऱ्याच्या कानात कान घालता येत नव्हते.

संध्याकाळी सासूबाई परत येईपर्यंत वीस व्हॉल्व्हना ठिपके परत लागले होते. उरलेल्या दोहोंबद्दल आमचं एकमत होईना, तेव्हा ते म्हणाले, “तू म्हणतेस तेच लिहितो.”

तरी एक अडचण राहिलीच. व्हॉल्व्ह आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गोड वाजला तरी दुसऱ्याच्यात रुसतो, म्हणून बँकवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जोड्या पुन्हा ऐकाव्या लागणार होत्या. इतकी वर्षं सासरे तिथे देवावर हवाला ठेवून मान हलवत. आम्ही एक खूण ठरवली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि जोडी जमली की पदर कमरेला खोचायचा. दोनदा तालीमही केली.

दसऱ्याच्या सकाळी बँकवाले पवईवरून बसने आले, अख्खा रस्ता यंत्राचा तो वजनदार डबा मांडीवर घेऊन. भले गृहस्थ होते. सासऱ्यांच्या पाया पडले, आपट्याची पानं दिली. आत सासूबाई पुऱ्या तळत होत्या आणि मी लाटत होते. पहिली जोडी बसली, डबा तापला, बाई गायला लागली. मी लाटणं टाकून दाराशी धावले. उजवीकडून मोहरी तडतडत होती. आमच्याकडे शहाण्यासारखा वागलेला व्हॉल्व्ह परक्या घरी जाऊन फुरफुरत होता.

सासऱ्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. “हीच जोडी.”

मी खाली पाहिलं. पुऱ्या लाटायला बसताना सवयीने खोचलेला पदर तसाच कमरेला होता.

“वा!” बँकवाले म्हणाले. “तुमच्या कानाला तोड नाही!”

मी गप्प बसू शकले असते. त्यांची इज्जत राहिली असती, आणि ते भले गृहस्थ आयुष्यभर ती तडतड ऐकत, हीच उत्तम असेल असं मानत बसले असते. सासऱ्यांच्या नावावर असली जोडी गेलेली मला सोसवेना. “बाबा, नाही,” मी म्हटलं. “ही नाही.”

बँकवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी भर पूजेत शिंकले. “सूनबाई, यातलं यांना कळतं,” ते समजुतीने म्हणाले.

सासरे उठले. मला वाटलं, आता मला आत जायला सांगतील. त्यांनी बटण बंद केलं, फडकं घेतलं आणि ते माझ्या हातात दिलं. “यांना काही कळत नाही,” ते स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले, साचेखात्यात बोलत असतील तसे, खणखणीत. “मला ऐकू येत नाही, साहेब. खूप वर्षं झाली. कालपासून या घरात ऐकणारी ही आहे. जोडी ती निवडेल.”

बँकवाल्यांनी आपली खुर्ची माझ्या बाजूला वळवली. मी दुसरी जोडी बसवली, पाच मिनिटं तापू दिली. बाई गायली, ओळ संपवली, आणि दोन्हीकडून श्वास घेतला. “ही,” मी म्हटलं. सासऱ्यांनी यावेळी स्पीकरला बोटं लावली नाहीत. ते माझा चेहरा बघत होते आणि त्यांचा चेहरा असा मोकळा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात पुऱ्या करपल्याचा वास आला. वळून पाहते तर सासूबाई झारा हातात धरून सासऱ्यांच्या मागे उभ्या. कधीपासून कोण जाणे. “म्हणजे तुमका ऐकाक येना नाय?” त्या म्हणाल्या. “आणि माका इतकी वर्षां वाटता, तुम्ही मुद्दाम माका जबाब देनास नाय.”

सासरे तसेच माझ्याकडे बघून हसत होते. मी त्यांचा खांदा धरून त्यांना मागे वळवलं.

“आई,” मी म्हटलं, “परत बोला. समोरून बोला.”