तीन नंबरला गव्हाण

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्यातली बरीच मंडळी अजून आठवडे बाजारात भेटतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या आवारात पाच कॅमेरे होते आणि पाच ठिकाणी पाच छोटे पडदे. वजनकाट्याचा पडदा काट्यावर, गोदामाचा गोदामात. म्हणजे चोरी झालीच, तर ती चोराच्या मांडीला मांडी लावून बघायची. हा शहाणपणा संचालकांच्या ध्यानात आला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "सगळं एका खोलीत दिसलं पाहिजे. आणि मला खर्च सांगायचा नाही."

पुण्याच्या कंपनीचा आकडा ऐकून ते आधीच गार पडले होते. मी हौसेनं पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणालो, करतो.

युक्ती साधी होती. ऑफिसच्या गच्चीवर डिश होती. तिची केबल गेटजवळच्या एका खोलीवरून पुढे कामगारांच्या कॉलनीत जायची. केबलवाले ज्या डब्यातून व्हिडिओवरचा पिक्चर एखाद्या चॅनेलवर सोडतात, तसले पाच जुने डबे मी नेवाशाहून आणले. कॅमेऱ्यांच्या तारा गच्चीवर ओढल्या, प्रत्येकाला एक नंबर दिला आणि सगळं त्याच केबलमध्ये सोडून दिलं. गेटजवळच्या खोलीत क्लबातला जुना टीव्ही मांडला. एकला काटा, दोनला गोदाम, तीनला गव्हाण, चारला यार्ड, पाचला गेट. साहेबांनी पाठ थोपटली आणि त्या खोलीतली दिवसपाळीही माझ्याच गळ्यात घातली.

त्या दिवशी काट्यावरचा कॅमेरा नीट करून संध्याकाळी घरी गेलो तर बायको म्हणाली, "आज काट्यावर तीनदा तंबाखू मळलीत."

तीच केबल कॉलनीतल्या घराघरांत गेली होती, हे मला सुचलंच नव्हतं. आठवडाभर बायका गहू निवडता निवडता आपापले नवरे बघत बसल्या. साहेबांना कळलं आणि मला मेमो मिळाला: कॉलनीतलं चित्र बंद करा, पुन्हा चूक झाली तर कामावरून कमी. आता त्यासाठी खोलीपर्यंत वेगळी केबल टाकायला हवी होती, आणि त्या केबलला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. मीही चिडून तो विषय सोडून दिला, आणि कॉलनीत चित्र दिसतच राहिलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी एक नंबर लावून बसलो होतो. काट्यावर बैलगाड्यांची रांग होती आणि तिथून नजर हलवायची नाही, असा हुकूम होता. फोन वाजला. इमर्जन्सीसाठी माझ्या घरी कारखान्याचा फोन होता, त्यावरून बायको बोलत होती.

"अहो, गव्हाण बंद करा. शेजारच्या वहिनी आल्यात. भावजी आत पडले, म्हणतायत."

गव्हाण म्हणजे ऊस टाकायची लांबलचक खोबण. तिच्या तळाची साखळी ऊस ओढत सुऱ्यांकडे नेते. आमचा शेजारी तिच्या काठावर उभा राहून अडकलेला ऊस आकडीनं मोकळा करायचा. त्याच्या बायकोच्या घरी दिवसभर तीन नंबरच लागलेला असायचा.

मी तीन नंबर लावला. ऊस सरकत होता. काठावर कुणी नव्हतं. पाणी प्यायलाही गेला असेल. मिल उगाच थांबवली तर नोकरी गेलीच, मेमो खिशातच होता. मिल हाऊसला फोन लावला.

"गव्हाण थांबवा. माणूस आत पडलाय."

"कुणी पाहिलं?" पाळीचे इंजिनिअर होते.

कॉलनीतल्या बाईनं टीव्हीवर पाहिलं, असं कसं सांगणार?

"मी पाहिलं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. माझ्या नावावर थांबवा."

फोन ठेवला तरी ऊस सरकतच होता. त्या चित्राला आवाज नव्हता. मी उभा राहून टीव्हीला शिव्या देत होतो. मग ऊस थांबला. चार जण आत उतरले आणि मोळ्या उपसू लागले. बराच वेळ नुसता ऊसच निघत होता. शेवटी त्यांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. त्याची मान हलली, तेव्हा मी खुर्चीत बसलो. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सुऱ्या तिथून दोन-तीन हातांवर होत्या.

चौकशीत मी खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्या एखादा मेला, तर अख्खी कॉलनी बघेल." जी केबल मिळत नव्हती ती दोन दिवसांत आली. ती मीच ओढली आणि कॉलनीतलं चित्र मीच बंद केलं. नाही म्हणता आलं असतं. मी भ्यालो, सरळ सांगतो.

दीड महिन्यानं तो पुन्हा त्याच जागेवर कामाला उभा राहिला. संध्याकाळी त्याची बायको दारात आली.

"भावजी, तीन नंबर दिसंना झालाय. तेवढं बघता का?"

"मीच बंद केलंय, वहिनी. साहेबांचा हुकूम हाय."

ती जराही चिडली नाही. म्हणाली, "तुमचं बरं हाय. तुमच्या घरचं मानूस खुर्चीवर बसतंय. आमचं तितं उभं ऱ्हातंय."

दुसऱ्या दिवसापासून त्याची पाळी असली की ती गेटबाहेर लिंबाखाली येऊन बसायची. तिथून गव्हाण दिसत नाही, पण मिलचा आवाज थांबला तर कळतं. पाच नंबर लावला की ती दिसायची, आणि दर थोड्या वेळानं गेट बघणं माझं काम होतं.