पस्तीसची लेन्स आणि बापूसाहेब

आमच्या रविवारच्या फोटो ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो आणि माझं डोकं तापतं! नगरला सावेडीतल्या टपरीवर जमायचं, तिथून कॅमेरे घेऊन निघायचं. दर रविवारी एखादा किस्सा पदरात पडतोच.

यंदा ठरलं, वर्षभर प्रत्येकाने एकच लेन्स वापरायची, झूम बंद. त्याने नजर तयार होते म्हणे. कल्पना झकास! पण पस्तीस एमएमची की पन्नासची, यावर दोन महिने नुसता वाद. तेवढ्या दिवसांत एकानेही एक फोटो काढला नाही. शेवटी टपरीवालाच वैतागला, "अहो, कंची बी घ्या, पन बाकडं सोडा!"

मी पस्तीस घेतली. तिने फोटो काढायचा तर माणसाच्या जवळ जावं लागतं आणि मला तेच शिकायचं होतं. तर आमचे ग्रुपप्रमुख बापूसाहेब, रिटायर्ड अधिकारी, मान हलवत म्हणाले, "ताई, तुम्ही लांबची घ्या. बायकांना अनोळखी माणसाजवळ जायला जमत नाही."

अंगाचा नुसता तिळपापड झाला! मी एसटीत कंडक्टर आहे. गच्च भरलेल्या गाडीत रोज अनोळखी माणसांतूनच वाट काढते. वर आणखी धमकी, "पस्तीसचे फोटो ग्रुपच्या वार्षिक प्रदर्शनात लावणार नाही, सांगून ठेवतो."

स्वतः त्यांनी दोनशेची घेतली. चांगली लांबलचक. एकदा चहा पिताना ग्रुपचा फोटो काढायचा म्हणून रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून फोन केला, "हसा!" आम्ही हसलो, तेवढ्यात मध्ये उसाचा ट्रॅक्टर आला. फोटोत सगळा ऊसच!

खर्ड्याला ग्रुपमधले दातांचे डॉक्टर पन्नासची लेन्स लावून किल्ला टिपत होते. मावेना म्हणून मागे सरकत सरकत थेट कांद्याच्या वाफ्यात! शेतकरी धावत आला, "ओ, रोपं तुडवताय!"

"किल्ला मावत नाहीये हो," डॉक्टर म्हणाले.

"मग बारका किल्ला हुडका की!"

परतताना बापूसाहेब मलाच शिकवायला लागले, "बघा, लांबची असती तर मावला असता." लांबची लेन्स दूरचं जवळ आणते, तिच्यात किल्ला आणखीच मावत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तसं तोंडावर सांगितलं. पुढे बरेच रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग तिसगावचा बाजार. मिरच्या विकणाऱ्या एका बाईंसमोर मी उकिडवी बसले होते. त्यांना विचारून, गप्पा मारत फोटो काढत होते. बापूसाहेब टेम्पोआड उभे राहून त्याच बाईंचे फोटो घेत होते. न विचारता!

बाईंचं तिकडे लक्ष गेलं. "ते तुमच्यातलंच हाय का?"

लाज वाटली, पण "हो" म्हटलं.

त्यांनी तराजू खाली ठेवला, पदर खोचला आणि तरातरा जाऊन त्या लेन्सच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या. मी मागोमाग धावले.

"आता काढ!"

लेन्स गरगर मागेपुढे फिरली. एवढ्या जवळचं तिला काही धरताच येईना. बापूसाहेब एक पाऊल मागे गेले. बाई एक पाऊल पुढे.

"काढ की! लांबून लई काढत हुतास!"

बापूसाहेबांची पाठ मागच्या दुसऱ्या टेम्पोला टेकली. भोवती माणसं जमली. बाई माझ्याकडे वळल्या, "ताई, आता ह्याचा काढा."

मी अगदी जवळ जाऊन काढला.

"ताई, तो डिलीट करा," गाडीत बसल्या बसल्या बापूसाहेब म्हणाले.

मी नगरला उतरले आणि आधी फ्रेमवाल्याचं दुकान गाठलं.